चौथी हाक

"शेजारी काही द्यायचं असेल ना, तर दह्याच्या रिकाम्या डब्यात द्यायचं. घरचं भांडं एकदा उंबऱ्याबाहेर गेलं की तू अडकलीस म्हणून समज," असं सुनेत्राकाकूंनी शरयूला बजावलं होतं, आणि तेही एकदा नाही. काकूंची सारी हयात अमेरिकेत गेलेली. त्यांच्या गराजमध्ये दह्याचे, आइस्क्रीमचे, साल्साचे धुतलेले डबे झाकणांसकट उतरंडीसारखे रचलेले असत. त्यांच्याकडून पुरणपोळी आली तरी व्हॅनिला आइस्क्रीमच्या डब्यातून येई, आणि सोबत ठरलेलं वाक्य, "डबा परत नको गं, फेकून दे."

शरयूने हे हसण्यावारी नेलं. अल्फारेटातलं नवीन टाउनहोम, तिथली पहिली दिवाळी, आणि भिंतीला भिंत लागून राहणारं एक अनोळखी कुटुंब. त्यांना काय दह्याच्या डब्यात चकल्या द्यायच्या? तिने लग्नातली जाडजूड स्टीलची थाळी काढली. तिच्या काठावर "चि. सौ. कां. शरयूस नंदूमामाकडून" असं टपोऱ्या अक्षरांत कोरलेलं होतं. थाळीत चकल्या, बेसनाचे लाडू आणि थोडे अनारसे रचले, ती शेजारच्या दारात ठेवली, बेल दाबली आणि पळत घरी आली. पळत, कारण अनया घरात एकटी होती. एकटी म्हणजे बाप शेजारी बसलेला होता; पण नकुल फोन बघत होता, आणि शरयूच्या हिशोबी फोन बघणारा बाप म्हणजे रिकामी खुर्ची.

तशी शरयू हुशार बाई. नागपूरहून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली. त्याचा तोटा असा, की जगात काय काय होऊ शकतं हे तिला शास्त्रीय नावांसकट ठाऊक होतं. अनया चार वर्षांची झाली तरी शरयू तिला द्राक्षं उभी चिरून देई. घरात स्मोक अलार्म बिल्डरने लावले होते त्याहून जास्त, आणि दारावर कॅमेऱ्याची बेल. अंगणातून खार गेली तरी शरयूचा फोन थरथरे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो असाच थरथरला. स्क्रीनवर एक काळी आकृती. डोक्यापासून पायापर्यंत काळं वस्त्र, हातात काहीतरी कापडाने झाकलेलं. बेलला हात नाही. दारापासून दोन पावलं बाजूला, पाठ अर्धी वळवून उभी, आणि ताल धरल्यासारखी हाक, "होडीऽऽ!"

शरयूने अनयाला उचललं, पँट्रीत शिरली आणि नकुलला ऑफिसात फोन लावला.

"काऊन गं? मीटिंगमध्ये आहे," नकुल कुजबुजला.

"दारात कोणीतरी होडी होडी करून राहिलंय."

"अल्फारेटात होडी?"

"हसू नको. हातात काहीतरी झाकून आणलंय."

नकुलने आपल्या फोनवर कॅमेरा उघडला. बाहेर दुसरी हाक झाली, थोड्या वेळाने तिसरी. मग आकृती शांतपणे वळली आणि चालायला लागली.

"शरू," नकुल म्हणाला, "जरा झूम करून पाहा. कापड सरकलंय. मामाचं नाव दिसून राहिलं."

शरयू अनवाणी धावली.

अशी तिची बी रुकियांशी ओळख झाली. बी म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. सत्तरी पार केलेल्या या बाई केनियाच्या किनाऱ्यावरच्या, मोंबासाच्या जुन्या गावातल्या, स्वाहिली. मुलगा सुलेमान इथे नेटवर्क इंजिनियर. सून महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी फिरतीवर. नात नाइला पंधरा वर्षांची. बींना इंग्रजी बेताचंच येई, पण हिंदी फर्डं. मोंबासाच्या थिएटरांत तरुणपणी पाहिलेल्या हिंदी सिनेमांवर पोसलेलं ते हिंदी, त्यामुळे त्यांना साधं काही बोलताच येत नसे. चहात साखर कमी पडली की त्या छातीवर हात ठेवत, "बेटी, ये तुमने क्या किया!" पाऊस आला की आकाशाकडे बघून, "आज फिर वही तूफ़ान." नागपूरच्या शरयूला हे ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

"पण बेल का नाही वाजवली?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

बींनी बेलकडे एखाद्या उद्धट पोराकडे बघावं तसं बघितलं. "घंटी घर को बुलाती है. मैं तो तुमको बुलाने आई थी."

त्यांच्याकडे दारात उभं राहून "होडी" म्हणायचं, आतून "करिबू" म्हणजे "या" असं आलं की आत जायचं. आत बाई कुठल्या अवस्थेत असेल काय माहीत, म्हणून दाराकडे तोंड करून उभंही राहायचं नाही. तीन हाकांना उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं, राग धरायचा नाही. चौथी हाक मारणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा.

कापडाखाली मामाच्या थाळीत मंदाझी होत्या: नारळाच्या दुधात भिजवलेल्या, वेलचीचा वास येणाऱ्या, फुगून टम्म झालेल्या त्रिकोणी पुऱ्या. अनयाने सलग तीन खाल्ल्या. शरयूने थाळी धुतली, पुसली, आणि मग तिचा हात थबकला. भरून आलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं? आईने जन्मात कधी केलं नाही. तिने साबुदाण्याची खिचडी केली आणि थाळी भरून दिली.

पलीकडे बींनी थाळी धुतली, पुसली, आणि त्यांचाही हात थबकला. मोंबासातही रिकामी थाळी परत करणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं.

दोन बायका, दोघींच्या आयांनी एकच गोष्ट शिकवलेली. आता ही थाळी थांबवणार कोण?

खिचडीवर भजी आली, भज्यांवर सुरळीच्या वड्या गेल्या, वड्यांवर नारळाच्या दुधातल्या तुरी आल्या. एकदा बींनी "कचोरी" म्हणून पाठवलेला पदार्थ बघून शरयू उसळली. "ही कचोरी? हा बटाटेवडा आहे! शुद्ध बटाटेवडा!" तिने दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून आपला बटाटेवडा नेला. बींनी एक घास घेतला आणि दयेने म्हणाल्या, "अच्छी है. हमारी कचोरी तुम लोगों ने भी सीख ली." पुढच्या आठवड्यात त्यांनी खोलगट खळ्यांचा तवा काढून तांदळाच्या पिठाचे गोड गोळे केले, त्यांचं नाव वितुंबुआ. शरयू कपाटातून आपलं आप्पेपात्र घेऊन आली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोघींनी खळ्या मोजल्या, सारख्याच निघाल्या. नकुल म्हणाला, "हे कोर्टात जाईल." तोपर्यंत त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं, उलट्या दिशेला.

नाइलाला या सगळ्याचे व्हिडिओ हवे असत. "माय हेरिटेज," ती म्हणे, आणि आजीच्या डोक्यावरच्या लेसोपासून, म्हणजे तिकडच्या रंगीत ओढणीपासून, काठावरच्या मामाच्या नावापर्यंत कॅमेरा फिरवे. देवनागरी अक्षरं तिच्या मते नक्षी होती. व्हिडिओखाली तिने "जुनी किनारपट्टीची कलाकुसर" असं लिहिलं, आणि नागपुरात नंदूमामांना कोणी ते दाखवलं तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. ती फोनवरच्या ॲपवरून स्वाहिली शिकत होती. एकदा उच्चारासाठी तिने फोन आजीपुढे धरला. बी ऐटीत बोलल्या. फोनने लाल फुली दाखवली. पुन्हा बोलल्या. पुन्हा फुली.

"बीबी, तुझं चुकतंय," नाइला म्हणाली. बीबी म्हणजे आजी.

"माझं?" बी उठून उभ्या राहिल्या. मग शरयूकडे वळल्या. "बेटी, मेरी दादी की दादी की ज़बान! और ये डिब्बा मुझे फेल करता है!"

मोंबासाची बोली वेगळी, ॲपची पुस्तकी वेगळी, हे नाइलाने नंतर शोधून काढलं. शरयूला हसू आलं खरं. पण तिची स्वतःची लेक "आई, पाणी" एवढंच मराठीत म्हणून पुढे "विथ आइस, प्लीज" म्हणत होती, त्यामुळे ते फार टिकलं नाही.

सुलेमानचं वेगळंच होतं. ऑफिसात तो केनियन, मशिदीत कोणी विचारलं तर पणजोबांमुळे ओमानी, आणि पोरीने "बाबा, आपण नक्की कोण?" म्हणून पिच्छा पुरवला की "आपण उशीर झालेली माणसं आहोत, बॅग उचल." तो दुपारी सॅलड खाई. आईने दारात उभं राहून हाका मारणं त्याला ओशाळवाणं वाटे. कॉलनीतल्या कोणीतरी "हे काय चाललंय" म्हणून विचारलंही होतं. आणि आईची त्याला भीती वाटे, हे मात्र खरं. ती दोनदा शेगडी चालू ठेवून नमाजाला बसली होती.

तिसऱ्यांदा तुरी करपल्या, त्यात बींनी वास घालवायला निखाऱ्यावर ऊद टाकला, आणि अलार्म असा कोकलला की आगीचा बंब आला. अनया आनंदाने नाचली. शरयूने पासपोर्ट, इन्शुरन्सचे कागद आणि लेक घेऊन कॉलनीच्या फाटकापर्यंत धाव घेतली होती.

त्याच संध्याकाळी सुलेमान दारात आला. त्याने बेल वाजवली. "शरयू, एक विनंती आहे," तो इंग्रजीत, अवघडून म्हणाला. "थाळी पाठवू नकोस. थाळी आली की आई शेगडीपाशी उभी राहते. आणखी एकदा असं झालं तर मी शेगडी बंद करणार, आणि तिला दिवसभर कुठल्यातरी सीनियर सेंटरमध्ये ठेवणार. तिथे बिंगो खेळतात."

"बींना बिंगो?" शरयूच्या तोंडून निघालं.

"मला तरी काय आवडतंय?" तो म्हणाला. "पण मी ऑफिसात असतो. बघणारं कोणी नाही."

शरयूने कबूल केलं. मोंबासा, घर, मैत्रिणी, सगळं मागे टाकून आलेल्या बाईकडे इथे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते स्वयंपाकघर. ते आपल्या चकल्यांपायी जाऊ नये.

पण थाळी त्या घटकेला शरयूकडे होती.

भरून द्यावी तर शब्द मोडतो. रिकामी द्यावी तर हात धजत नाही. तिने दुकानातली केळी ठेवून बघितली. पण केळ्यांच्या बदल्यातही बी काहीतरी तळतीलच. थाळीत नुसता कागदी रुमाल ठेवला, तर तो जखमेवरच्या पट्टीसारखा दिसायला लागला. शेवटी तिने थाळी ओव्हनमध्ये दडवली आणि नकुलला सांगितलं, "ओव्हन लावू नको, आत थाळी आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

उद्या फोन थरथरला. काळी आकृती, बाजूला दोन पावलं, पाठ अर्धी वळवलेली. "होडीऽऽ!"

शरयू पँट्रीत उभी राहून स्क्रीन बघत राहिली. बींच्या हातात काही नव्हतं. थाळी मागायला आलेलं माणूस असं उभं राहत नाही. पोरगी बरी आहे ना, एवढं विचारायला आल्या होत्या. दुसरी हाक. "आई, बीबी!" अनया ओरडली. शरयूने तिच्या तोंडात चिरलेलं द्राक्ष घातलं. तिसरी हाक. बी वळल्या आणि गुडघा सांभाळत हळूहळू गेल्या. राग नाही, काही नाही. तेच शरयूला जास्त लागलं.

त्यानंतर मात्र सामसूम. भिंतीपलीकडून नारळाचा वास नाही, ऊद नाही, भांड्यांचा आवाज नाही. मागच्या अंगणात कुंडीतला मोगरा बी रोज तोडत. तो फुलून तिथेच पिवळा पडायला लागला. शरयूच्या डोक्यात शास्त्रीय नावं फिरू लागली. पडल्या असतील. डिहायड्रेशन. स्ट्रोक. सुलेमानला मेसेज केला, "आई बऱ्या आहेत ना?" त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याने कोणाचं समाधान झालंय?

दुसऱ्या दिवशी सुलेमानची गाडी गेल्यावर तिने ओव्हनमधून थाळी काढली. शब्द गेला खड्ड्यात. गरम गरम शिरा भरला, अनयाला कडेवर घेतलं आणि बींच्या दारात जाऊन, बाजूला दोन पावलं, पाठ वळवून उभी राहिली. समोरून कुत्रं फिरवणारा गृहस्थ थांबून बघायला लागला.

"होडी!" ती म्हणाली. आवाज चोरटा निघाला.

काही नाही.

"होडी!"

आत पडदा हलला की नाही, कळेना.

"होडीऽऽ!"

शांत. आता रीत म्हणते, परत फिर. शरयू दोन पायऱ्या उतरलीही. मग तिच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या बी आल्या. ती गर्रकन वळली, दाराला नाक लावलं आणि नागपुरात भाजीवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून मारतात तशी हाक ठोकली, "बीऽऽऽ! होडीऽऽऽऽ!"

कुत्रं भुंकलं. आणि दाराच्या अगदी पलीकडून, वीतभर अंतरावरून, बारीक आवाज आला, "...करिबू."

दार उघडलं. बी धडधाकट होत्या. हातात फोन होता, आणि त्या फोनवर त्यांच्याच दारातल्या कॅमेऱ्याचं चित्र: स्वतः शरयू, नाक दाराला लावलेली.

"बी! तुम्ही... तुम्ही आतून बघत होतात?"

बींनी मान खाली घातली. ज्या बाईने बेलला कधी बोट लावलं नव्हतं, तिने नातीकडून कॅमेरा शिकून घेतला होता. कशासाठी? लपायला.

"आओ," त्या म्हणाल्या आणि शरयूला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. शेगडीवर चार भोकं होती. पुन्हा काही होण्याची वाट न बघता सुलेमानने चारही नॉब उपटून लॅपटॉपच्या बॅगेत ऑफिसला नेले होते. "तुम्हारी थाली आएगी, तो मैं क्या डालकर लौटाऊँगी?" बी म्हणाल्या. "इसलिए चुप बैठी. पापिन हूँ मैं."

"नाही हो, मीच आधी लपले होते! पँट्रीत!" शरयू म्हणाली.

बींनी तिच्याकडे बघितलं. "उस दिन? तुम अंदर थी?"

"होते."

क्षणभर वाटलं, आता मोठा प्रवेश होणार. पण बी हसायला लागल्या. त्या अशा हसल्या की खुर्ची धरून खाली बसल्या, आणि अनयाने संधी साधून थाळीतला शिरा दोन्ही हातांनी खायला सुरुवात केली.

हसून झाल्यावर शरयूला एकदम उजाडलं. सुलेमान काय म्हणाला होता? बघणारं कोणी नाही. आणि या अख्ख्या कॉलनीत बघण्याच्या बाबतीत आपल्या तोडीचं आहे कोण?

संध्याकाळी तिने सुलेमानला, बी आणि नाइलासकट, आपल्याच घरी बोलावलं. "बी सकाळी माझ्या शेगडीवर करतील. मी समोर उभी राहीन."

"तू?"

"ही मला पाणी उकळतानाही एकटं सोडत नाही," मागून नकुल म्हणाला.

सुलेमानने सर्व्हर रूम तपासावी तसं स्वयंपाकघर तपासलं. आग विझवायचा सिलिंडर, आगीवर टाकायचं ब्लँकेट, कपाटांची कुलपं, तेलात बुडवायचा थर्मामीटर. स्मोक अलार्म मोजायला लागला आणि मध्येच त्याने नाद सोडला. तेवढ्यात बींनी दुपारी इथेच तळून ओट्यावर ठेवलेली मंदाझी त्याच्या हातात आली, बहुधा आपोआप. त्याने ती उभ्यानेच खाल्ली. दुसरी घेतली. मग आईकडे वळून तो काहीतरी बोलला, पुस्तकी स्वाहिलीत नाही, तिच्या गल्लीतल्या. नाइलाने घाईने फोन पुढे केला. फोनने बापालाही लाल फुली दिली.

"नॉब?" बींनी हात पुढे केला.

"ते ऑफिसात राहिले," सुलेमान म्हणाला. "मीटिंगमध्ये माऊस म्हणून एक बाहेर निघाला होता, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये आहेत."

ते अजून तिथेच आहेत. पण सकाळी शरयूच्या दारात हाक येते, आतून अनया "करिबू!" म्हणून ओरडते. बी तळतात, शरयू थर्मामीटर धरून उभी राहते, आणि बी विचारतात, "तेल को कितना बुखार है?"

हे सगळं शरयूने सुनेत्राकाकूंना सांगितलं तेव्हा काकू पोट धरून हसल्या. "सांगितलं होतं ना, अडकशील! माझं बरं आहे. कोणाला काही परत करायचंच नसतं, त्यामुळे दारात कोणी येत नाही, कटकट नाही." हे त्या मोठ्या दिमाखात म्हणाल्या, आणि मग दह्याचा एक डबा धुतलेलाच पुन्हा धूत राहिल्या. काका गेल्यापासून ते घर फार मोठं वाटायचं. शरयूने ते पाहिलं. पुढच्या वेळी तिने मंदाझी मामाच्या थाळीतून दिल्या आणि बजावलं, "काकू, थाळी परत हवी हं. मामाची आहे."

आता शरयू भावाच्या लग्नासाठी नागपूरला आहे. निघेपर्यंत थाळी आली नव्हती. बी रोज फोन करून सांगतात, "थाली नहीं आई." पण त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि मधला हायवे गुडघ्यांना झेपत नाही. काकू मेसेजला अंगठा पाठवतात. अंगठ्याचं काय ते वर आलंच आहे.

तेव्हा शरयूने हे मुद्दाम सांगायला सांगितलंय. तुम्ही अल्फारेटाच्या बाजूला असाल तर एकदा सुनेत्राकाकूंकडे डोकावून या. गराज डब्यांनी भरलेलं घर, चुकायचं नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि नेलेलं दह्याच्या डब्यात नेऊ नका. बेल वाजवू नका, हाक मारा. तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर परत फिरायचं नाही. दाराला नाक लावायचं आणि चौथी मारायची.